बॉचीचे चेंडू आणि साठ फुटांचं मिठागर

'बॉची' हा शब्द मी पहिल्यांदा ऐकला तेव्हा नुसती मान डोलावली. माझी ही सवय जुनी आहे. वर्गात काही कळलं नाही की मी मान डोलवते आणि मग ग्रंथालयात जाऊन शोधते. आमच्या घरातून कॉलेजात गेलेली मी पहिलीच, त्यामुळे घरी विचारायची सोय नव्हती आणि बाहेर विचारायची लाज वाटायची.

तेव्हा मी रोह्याला कॉमर्सच्या तिसऱ्या वर्षाला होते. घर पेणच्या पुढे खाडीकाठच्या गावात. रोजचं येणं-जाणं जमेना म्हणून रोह्याजवळ वरसेला मावशीकडे राहत होते. सकाळी कॉलेज आणि दुपारी रोहा-कोलाड रस्त्यावरच्या एका छोट्या ब्रुअरीत काम. तिथे बियर बनवत आणि मागच्या बागेला लागून असलेल्या टॅपरूममध्ये ती नळातून थेट ग्लासात भरून देत. माझा त्या बाजूशी संबंध नव्हता. मी पुढच्या खोलीत बसून ग्लास, रुमाल, साफसफाईचा माल मागवायचे आणि आलेला माल तपासून घ्यायचे. तीन महिने बघू म्हणून मला घेतलं होतं, त्यातले दोन संपत आले होते.

ब्रुअरीच्या मालकांना आम्ही सगळे सर म्हणायचो. त्या दिवशी ते माझ्या टेबलाशी येऊन उभे राहिले.

"शनिवार-रविवारी नदीवर राफ्टिंगला आलेली माणसं आपल्याकडे येतात, एक ग्लास घेतात आणि मोबाईलमध्ये तोंड घालून बसतात," ते म्हणाले. "परदेशात मी एक खेळ बघितला होता. बॉची. लांब पट्टी असते. आधी एक छोटा चेंडू टाकायचा, मग दोन्ही बाजूंनी मोठे चेंडू त्याच्या जवळ लोळवायचे. ज्याचा जास्त जवळ, त्याचा गुण. एका हातात चेंडू, दुसऱ्या हातात ग्लास. आजोबा खेळतात, नातू पण खेळतो. मुंबईची एक एजन्सी सगळं करून द्यायला तयार आहे, खोटं गवत अंथरून. पण मला वाटलं, आधी तू बघतेस का?"

मी मान डोलावली. आणि मग, का कोण जाणे, तोंडातून निघून गेलं, "मी करते सर."

ते थोडं हसले. "चालू महिन्याच्या शेवटी नागोठण्याच्या कंपनीतली चाळीस माणसं येणार आहेत. त्यांच्याआधी पट्टी तयार पाहिजे. हे नीट झालं तर सगळी खरेदी तुझ्याकडे देतो, वेळ तुझ्या कॉलेजप्रमाणे. नाही झालं तर मला पूर्ण दिवसाचा माणूस ठेवावा लागेल. राग मानू नकोस."

राग कसला मानणार? पण हे काम जाऊन मला चालणार नव्हतं. कारण घरी आबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, नागोठण्याला एका कंपनीच्या कॅन्टीनमध्ये माझ्यासाठी शब्द टाकून ठेवला होता. तिथे तीन शिफ्ट. ते काम धरलं असतं तर कॉलेज सुटलं असतं, शेवटच्या वर्षात. आबांना ते नको होतं, मलाही नको होतं. पण काही न कमावता नुसतं शिकणं आम्हाला परवडणारं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी दोन तासांच्या मधल्या वेळात मी ग्रंथालयात बसून फोनवर सगळं वाचलं. मोठे चेंडू आठ, चार एका रंगाचे, चार दुसऱ्या. छोटा चेंडू एक. शिवाय मोजायची टेप. एवढंच तर आहे, असं मला वाटलं. सगळ्यांत स्वस्त संच दिसला तो मी नमुन्याला मागवला. चार दिवसांत आला. चेनच्या पिशवीत, रंगीत, गोजिरवाणा. मी इतकी खूश झाले की तो मावशीला दाखवायला घेऊन निघाले.

वाटेत रोह्याच्या बाजारात एका हार्डवेअरच्या दुकानात थांबले. पट्टीच्या कडेला फळ्या लागणार होत्या, त्यांची चौकशी करायची होती. ते दुकान चाचांचं. सगळा बाजार त्यांना चाचाच म्हणतो. बरीच वर्षं आखातात काढून ते परत आले आणि त्यांनी हे दुकान घातलं. फळ्या कशाला हव्यात ते सांगायला मी पिशवीतून एक चेंडू काढला. चाचांनी तो हातात घेतला, कानाशी हलवला आणि काउंटरवर ठेवला.

"किती पोरं हायत तुझ्या हॉटेलात?"

"पोरं नाहीत चाचा. मोठी माणसं खेळणार."

"मग हे कशाला? यात पाणी भरलंय." त्यांनी पुन्हा चेंडू हलवला. आत डुचमळल्याचा आवाज मलाही आला. "तिकडं आमच्या कॅम्पात इटलीचे इंजिनीअर होते. दर जुम्म्याला सुट्टी, दर जुम्म्याला हाच खेळ. वाळू दाबून पट्टी करायची आणि ती रोज सरळ करायचं काम माझं. सात वर्षं केलं बेटा. ये इकडं."

दुकानाच्या मागच्या अंगणात खिडक्यांच्या काचा रचून ठेवल्या होत्या. त्यांनी एक लांब काच जमिनीवर आडवी घातली, खाली कागदाच्या घड्या सरकवून ती सारखी केली आणि माझा गोजिरवाणा चेंडू त्यावरून सोडला. तो निम्म्या वाटेपर्यंत सरळ गेला आणि मग नाकासमोर जायचं सोडून डावीकडे वळला, जसा काही त्याला तिकडे कोणी हाक मारली होती. दुसरा सोडला, तो उजवीकडे गेला.

"वजन एका अंगाला हाय," चाचा म्हणाले. "याच्यावर माणसं भांडतील. पोटात बियर असंल तर जास्त भांडतील."

मी ती पिशवी परत बंद केली. चाचांनी मला त्या अंगणात जे सांगितलं, ते मी वहीच्या शेवटच्या पानावर लिहून घेतलं. चेंडू भरीव पाहिजे, आतून पोकळ किंवा पाणी भरलेला नको. लाकडाचा तर मुळीच नको, आपल्या हवेत तो फुगतो. वजन किलोच्या जरासं आत. हातात धरला की सोललेल्या छोट्या नारळाएवढा वाटला पाहिजे. आणि घेण्याआधी काचेवरून सोडायचा.

त्यानंतरचा आठवडा मी फोन केले. मला फोनवर अनोळखी माणसाशी बोलायला भीती वाटते. मी आधी वाक्य कागदावर लिहायचे आणि मग नंबर लावायचे. खेळाचं सामान विकणाऱ्या एकाने माझे सहा प्रश्न ऐकून घेतले आणि म्हणाला, "मॅडम, तुम्ही चेंडू घेणार आहात की माझी तोंडी परीक्षा घेताय?" मी म्हटलं, "दोन्ही." म्हणून झाल्यावर मी फोन ठेवायच्याच बेतात होते. पण तो हसला, आणि त्यानेच दोन नमुने पाठवले. आणखी दोन दुकानदारांकडूनही एकेक आला. चारही मी चाचांच्या काचेवर सोडले. हसणाऱ्या माणसाचे दोन चेंडू एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत रेघ मारल्यासारखे गेले. चाचांनी फक्त भुवया उडवल्या. ते चेंडू ठरले.

रंगावरून मात्र सरांशी वाद झाला. म्हणजे मी पहिल्यांदाच त्यांना नाही म्हटलं, तो वाद धरायचा तर. त्यांना एक बाजू मधाच्या रंगाची आणि दुसरी तपकिरी हवी होती, त्यांच्या दोन बियरसारखी. मी शाळेत असताना गणपतीच्या आधी पेणच्या एका कारखान्यात मूर्ती रंगवायच्या कामाला जायचे. तिथले रंगारी शेल्याचा रंग कधी दिव्याखाली ठरवत नसत. वाटी घेऊन दारात जायचे, उजेडात बघायचे, मग परत दिव्याखाली बघायचे. कारण दिव्याखाली दोन रंग एक होतात. अंधार पडल्यावर मी सरांना बागेत पिवळ्या दिव्यांच्या माळेखाली नेलं आणि त्यांच्याच दोन बियरची लेबलं दहा पावलांवर ठेवली.

"यातलं कुठलं कुठलं, सांगा," मी म्हटलं.

सरांनी बराच वेळ बघितलं. "डावीकडचं तपकिरी."

ते उजवीकडचं होतं. आम्ही निळे आणि पिवळे घेतले. छोटा चेंडू कंपन्या पांढरा देतात, तो मी शेंदरी मागवला, आणि एकाऐवजी चार.

"चार कशाला? खेळात एकच लागतो ना?" सर म्हणाले.

"तो हरवणार सर. लहान वस्तू हरवते."

एक गोष्ट मात्र मी अजून ठरवली नव्हती, ती म्हणजे जमीन. एजन्सीचं खोटं गवत मी त्यांच्याच नमुन्याच्या तुकड्यावर तपासलं होतं. त्यावर अर्धा ग्लास बियर ओतली आणि दुसऱ्या दिवशी त्याला मुंग्या लागल्या. चाचांची दाबलेली वाळू आपल्या पावसात टिकणार नव्हती. चाचांनी सांगितलं होतं की इटलीवाले आपल्या गावी मातीवर शिंपल्यांचा चुरा टाकतात. ते ऐकल्यापासून माझ्या डोळ्यांसमोर आमच्याच घराचं परसदार येत होतं. आई आणि शेजारच्या बायका भरती ओसरली की खाडीतून कालवं काढतात, आणि त्यांची फोडलेली शिंपलं वर्षानुवर्षं घरामागे साठत जातात. आणि जमीन सपाट करायची तर आबांइतकं ते काम कोणाला येतं? ते मिठागरात वाढले, जिथे जमीन पायांनी तुडवून सपाट करतात. आता आमच्याकडचं मिठागर बंद आहे, पण त्यांचे पाय तेच आहेत.

रविवारी मी घरी गेले. आई ओटीवर मासळी साफ करत होती.

"आई, मागची शिंपलं पाहिजेत. टेम्पोभर."

"आमचा उकिरडा तुझ्या बियरवाल्याला हवाय?" आईने मान वर न करता विचारलं. "त्याला म्हणावं, घेऊन जा, वर दोन टोपल्या राख पण देते."

आबा खांबाला टेकून बसले होते. गावात ते कोणी विचारलं तर पोरगी 'हॉटेलात' कामाला आहे असं सांगायचे. ब्रुअरी हा शब्द त्यांनी कधी उच्चारला नव्हता. मी त्यांना सपाट पट्टी करायची आहे म्हटलं आणि लांबी-रुंदी सांगितली. साठ फूट, बारा फूट.

"पाणी किती ठेवायचं?"

"पाणी नाही ठेवायचं आबा. त्यावर चेंडू लोळवायचे."

"मंग सपाट कशाला पायजे?"

"चेंडू आपल्या मनाने कुठे जायला नको म्हणून."

ते खांबापासून जरा पुढे सरकले. मग म्हणाले, "सपाट म्हंजे किती सपाट?"

"चाचांच्या काचेसारखं."

"मी नाय यायचा गो तिकडं. लोक काय म्हणतील, हा म्हातारा दारूच्या अड्ड्यावर गेला." पण बोलता बोलता त्यांचा उजवा पाय जमिनीवर टाच दाबत होता, हळूहळू, एकाच जागी. आईने ते माझ्याआधी बघितलं.

"जा व्हय," ती म्हणाली. "घरातली जमीन तुडवून खड्डा पाडशील, त्यापरीस तिकडं जा."

सोमवारी ते आले. बरोबर मिठागरातले त्यांचे दोन जुने सोबती, खाडीकडच्या चिकणमातीचा टेम्पो आणि मागून शिंपल्यांचा दुसरा टेम्पो. दुपारच्या वेळी टॅपरूम बंद असायची, त्यामुळे आबांना बरं वाटलं. तिघे चपला काढून मातीत उतरले. खांद्याला खांदा लावून, आडवं सरकत, टाचेने माती दाबत जायचं आणि टोकाला पोचलं की परत फिरायचं. मग लाकडी धुमसाने ठोकायचं. तीन दिवस हेच. कडेने त्यांनी मातीचा बांध घातला, तो ओल्या हाताने लिंपला आणि त्याला लागून चाचांकडच्या फळ्या बसवल्या. मी फळ्यांच्या बाहेर उंच खांबांवर ग्लास ठेवायच्या पट्ट्या मारून घेतल्या, म्हणजे कोणी ग्लास खाली ठेवणार नाही आणि चुऱ्यात काच मिसळणार नाही. बुधवारी संध्याकाळी काम संपलं. फक्त शिंपल्यांचा कुटून चाळलेला चुरा वरून पसरायचा राहिला होता. आबा गावाला परतले.

गुरुवारी दुपारी, मी वर्गात असताना, पाऊस आला. ऑक्टोबर संपत आलेला, ऊन तापलेलं, आणि तासभर धो धो. मी ब्रुअरीत पोचले तेव्हा सर बागेत उभे होते. त्यांच्यासमोर साठ फूट लांब, बारा फूट रुंद तळं होतं. स्वच्छ, शांत, त्यात दिव्यांची माळ उलटी दिसत होती. बाजूच्या गवतावरचं पाणी केव्हाच मुरलं होतं. आमच्या पट्टीतला एक थेंबही हलला नव्हता.

काय झालं ते मला तिथे उभ्या उभ्याच कळलं. आबांनी पट्टी केली नव्हती. हातापायांना जे ठाऊक होतं ते त्यांनी केलं होतं. जन्मभर त्यांनी जमीन केली ती खाडीचं पाणी धरून ठेवायला, खालून झिरपू नये, कडेने सुटू नये म्हणून. मिठागरात पाणी सोडायला उघाडी असते, बांधातली लाकडी झडप. इथे ती नव्हती, कारण पाणी ठेवायचं नाही असं मीच सांगितलं होतं. त्यांनी मिठागर बांधलं आणि माझ्यामुळे त्याचं दार करायचं राहून गेलं.

"एजन्सीशी बोललो," सर म्हणाले. आवाज चढलेला नव्हता, त्याने मला जास्त वाईट वाटलं. "शनिवारी सकाळी गवत अंथरून देतील. मला त्यांना उद्या दुपारी दोनपर्यंत सांगायचंय."

मी आबांना फोन लावला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"उघाडी ठेवली नाय," ते म्हणाले.

"मीच चुकीचं सांगितलं आबा."

"तू शिकलेली हायस. मला कळाय पायजे होतं." आणि फोन बंद.

ते मिळेल त्या एसटीने निघाले आणि दिवस मावळायच्या आत ब्रुअरीच्या फाटकात उभे राहिले. हातात मीठ ओढायचं लांब दांड्याचं लाकडी फावडं. एसटीत कंडक्टरने त्यावरून किती कटकट केली ते मला नंतर कळलं. सर माफीची वाट बघत होते की काय ठाऊक नाही, पण आबांनी त्यांच्याकडे बघितलंही नाही. त्यांनी बागेतल्या झाडूची एक काडी मोडून घेतली आणि चारही कोपऱ्यांत, मग मधे, पाण्यात बुडवून बघितली. प्रत्येक वेळी ओल्या खुणेवर नखाने खूण केली. मग काडी सरांपुढे धरली.

काडीवर पाच ठिकाणचं माप होतं, आणि खूण एकच होती.

"पानी खोटं बोलत नाय," आबा म्हणाले. "चारी कोपऱ्यांत सारखं हाय. बघा तुम्ही पन."

सरांनी चष्मा वर केला, काडी घेतली आणि बूट सांभाळत स्वतः एका कोपऱ्यात बुडवून बघितली. मग दुसऱ्या. "तुम्ही लेव्हलला कुठलं मशीन लावलं होतं?"

"पाय," आबा म्हणाले.

त्यांनी मागच्या कोपऱ्यातला बांध हातभर फोडला. पाणी बागेच्या उतारावर वाहून गेलं. पण जमीन इतकी सपाट की शेवटचं बोटभर पाणी जागचं हलेना. मग ते आत उतरले आणि मीठ ओढायच्या फावड्याने, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, पाणी ढकलत नेलं. अंधार पडायच्या आत जमीन उघडी झाली. रात्री मावशीकडे ते जेवून लगेच झोपले. मी पण झोपले, याचं मला आजही आश्चर्य वाटतं.

शुक्रवारी मी कॉलेजला गेले नाही. सकाळी चाचांच्या दुकानातून वीतभर फळी आणि दोन खाचा पाडलेले तुकडे आणले, त्यांची आबांनी उघाडी बसवली. ऊन वाढलं. आबा अनवाणी पट्टीच्या कडेला बसून होते. दहा वाजता त्यांनी टाच दाबून बघितली आणि मान हलवली. अकराला ते उतरले आणि पुन्हा सगळी जमीन एकट्यानेच तुडवू लागले, कारण सोबती गावी होते. मग मीही चपला काढल्या आणि त्यांच्या शेजारी उभी राहिले. लहानपणी मिठागरात त्यांच्यामागे चालायचे, तेवढंच माझं या कामातलं शिक्षण.

"टाच आधी," ते म्हणाले. "कॉलेजात हे नाय शिकवत का?"

"तिसऱ्या वर्षाला आहे म्हणतात."

आबा हसले. त्या दोन दिवसांतलं त्यांचं ते पहिलं हसू.

एक वाजता सर आले. चेंडूंची पेटी त्याच सकाळी आली होती. मी एक निळा चेंडू काढला, कमरेएवढ्या उंचीवरून सोडला. जमिनीवर नाण्याएवढा खळगा उमटला. सरांनी घड्याळाकडे बघितलं.

"अजून तास द्या," आबा म्हणाले. पहिल्यांदाच त्यांनी सरांकडे काही मागितलं. "तासाभरात खळगा पडला तर मी माझ्या हातानं तुमचं गवत अंथरून देतो."

तो तास मी चेंडू पुसण्यात घालवला. आठही चेंडू, जे आधीच स्वच्छ होते. वारा सुटला होता, आमच्या खाडीवर असतो तसा जोराचा नव्हता, पण होता. दोनला पाच मिनिटं कमी असताना मी तोच निळा चेंडू तेवढ्याच उंचीवरून सोडला. टक् असा आवाज आला. चेंडू जागच्या जागी हलला आणि थांबला. मी उचलून खाली बघितलं. खूण नव्हती.

सर उत्साहाने बघायला पट्टीवर पाय टाकणार, तोच आबा म्हणाले, "चपला काढा."

सरांनी बूट काढले, मोजे काढले, पँट दुमडली आणि साठ फूट चालत गेले. परत येताना त्यांनी फोन काढला आणि एजन्सीला नको म्हणून सांगितलं. अनवाणीच.

संध्याकाळी आम्ही चुरा पसरला. आईचा उकिरडा पिवळ्या दिव्यांखाली चांदीसारखा दिसत होता. मी तिला फोटो पाठवला. तिचं उत्तर आलं, 'राख पण पायजे का इचार.'

शनिवारी नागोठण्याची चाळीस माणसं आली. आबा जायला निघाले होते, सरांनी त्यांना थांबवून घेतलं आणि फाटकाजवळ खुर्ची दिली. पहिला चेंडू कंपनीतल्या एका मोठ्या साहेबांनी टाकला. ते पूर्वी कामानिमित्त इटलीत राहिले होते. मी माझ्या खोलीच्या दारात उभी होते. पिवळा चेंडू चुऱ्यावरून खसखस करत गेला आणि शेंदरीच्या वीतभर अलीकडे थांबला. ना डावीकडे, ना उजवीकडे. साहेबांनी वाकून जमिनीला हात लावला.

"ही कोणी केली?" त्यांनी विचारलं.

सरांनी फाटकाकडे हात केला. "त्यांनी. आणि चेंडू निवडले त्यांच्या मुलीने."

आबा खुर्चीतून उठून उभे राहिले. ते साहेब ग्लास उंच पट्टीवर ठेवून त्यांच्याकडे गेले आणि एक निळा चेंडू त्यांच्या हातात दिला. आबांनी खांद्यावरच्या टॉवेलला हात पुसला, चपला काढल्या, आणि चेंडू सोडला. तो रेघेसारखा सरळ गेला आणि बराच पुढे जाऊन मागच्या फळीला लागला. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

"जमीन बरोबर हाय," आबा म्हणाले. "हात चुकला."

त्या संध्याकाळी दोन शेंदरी चेंडू हरवले. एक कोणाच्या तरी छोट्या मुलीने फ्रॉकच्या खिशातून घरी नेला. तिसरा काढून देताना मी सरांकडे बघितलं, ते दुसरीकडे बघू लागले. बाकी कोणीही मोबाईल बघत बसलं नव्हतं. जाताना ते इटलीत राहिलेले साहेब म्हणाले की त्यांच्या भावाची अलिबागकडे अशीच टॅपरूम आहे, त्याला सगळं हेच सामान पाहिजे आणि हीच जमीन. "तुमच्या खरेदीवाल्या मॅडमना त्याला फोन करायला सांगा," असं ते सरांना म्हणाले. सरांनी दुरुस्त केलं नाही. मॅडम म्हणजे मीच होते, हे समजायला मला थोडा वेळ लागला.

पुढच्या शुक्रवारी सकाळी, टॅपरूम बंद असताना, चाचा बागेच्या फाटकातून आत आले. बियरच्या दारातून ते येणार नाहीत हे मला ठाऊक होतं, म्हणून फाटकाची किल्ली मीच आणून ठेवली होती. त्यांनी निळा चेंडू हातात तोलला, गुडघ्यात वाकले आणि इतक्या हळू सोडला की मला वाटलं अर्ध्यात थांबेल. तो गेला, गेला, आणि शेंदरीला चिकटून थांबला. त्यांनी पुन्हा तोच टाकला. पुन्हा चिकटून.

"वाळूपेक्षा चांगली हाय," ते म्हणाले. "तुझ्या बापाला सांग."

मी सांगितलं. आबांनी फोनवर फक्त 'व्हय' म्हटलं. पण महिनाभराने मी घरी गेले तेव्हा शेजारच्या काकीने अंगणातूनच विचारलं, "काय गो, तू आता बियरच्या कंपनीत खरेदीला हायस ना? तुझा बा सांगत व्हता. अलिबागला पन त्याला बोलावलंय म्हनं." आबा ओटीवर बसून उघाडीसाठी लाकडाला खाच पाडत होते. त्यांनी मान वर केली नाही.

सोमवारी सकाळी मी पहिल्या तासाला वर्गात होते. आमच्या प्राध्यापकांनी वापरलेला एक शब्द मला कळला नाही. मी मान डोलवायला गेले, आणि मग हात वर केला.